'काइंड ऑफ ब्लू' हाय-रेझमध्ये घेताना: आवृत्ती ओळखणं, फाइल तपासणं, नीट वाजवणं

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम हाय-रेझमध्ये, म्हणजे सीडीहून जास्त तपशिलाच्या डिजिटल फाइलमध्ये, घेणाऱ्यांचं गाडं साधारण एकाच जागी अडतं. दुकानात २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई), १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला किती हजार नमुने) हे आकडे बघायचे, पैसे भरायचे, फाइल फोनवर घ्यायची, ब्लूटूथ हेडफोन लावायचा आणि जुन्या सीडीशी ताडून "केवढा फरक आहे!" म्हणायचं. फरक खरा असतो, पण बहुतेक वेळा तो त्या आकड्यांमुळे पडलेला नसतो. जुनी सीडी वेगळ्या वेगाच्या टेपवरून आणि वेगळ्या मिक्समधून (ट्रॅकच्या वेगळ्या जुळणीतून) आलेली असते. आणि ब्लूटूथवरून २४/१९२ कानापर्यंत पोचलेलंच नसतं.

म्हणून क्रम पाळा: आवृत्ती, सुराची पट्टी, फॉरमॅट, खरेदी, फाइलची तपासणी, वाजवण्याची साखळी, आणि तुलना सगळ्यात शेवटी. तुलनेपासून सुरुवात केली की नेमकी कशाची तुलना चाललीय हेच कळत नाही.

## आधीची तयारी

फार काही लागत नाही. वायरचा बरा हेडफोन किंवा स्पीकर, एक साधा यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचा ऐकू येणारा आवाज करणारं छोटं यंत्र) आणि संगणक. त्यावर मीडियाइन्फो, स्पेक, ऑडॅसिटी आणि विंडोज असेल तर फूबार२००० हे मोफत प्रोग्रॅम. फोनवर कोणतंही तानपुरा ॲप. ते कशाला ते दुसऱ्या टप्प्यात कळेल.

डिस्कवर जागा ठेवा. मूळ अल्बम पाच रचनांचा, सुमारे ४६ मिनिटांचा आहे. २४/१९२ मध्ये न दाबलेला डेटा ३ जीबीच्या थोडा वर जातो. फ्लॅकमध्ये (काहीही न गाळता दाबलेल्या फाइलमध्ये) सहसा त्याच्या निम्मा ते दोन तृतीयांश. सीडी दर्जाचा तोच अल्बम न दाबता ५०० एमबीच्या आत बसतो.

## टप्पा १: कोणती आवृत्ती आहे ते ओळखा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक गाळतात. पुढचे निम्मे गोंधळ इथेच जन्माला येतात.

अल्बमचं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत १९५९ साली दोन दिवशी झालं: २ मार्च आणि २२ एप्रिल. दोन्ही दिवशी तीन ट्रॅकच्या टेपवर. एक मुख्य मशीन आणि सोबत राखीव प्रत घेणारं दुसरं. २ मार्चला मुख्य मशीन किंचित हळू चाललं. हळू मुद्रित झालेली टेप योग्य वेगाने वाजवली की संगीत जलद होतं आणि सूर चढतो. त्यामुळे त्या दिवशीच्या तिन्ही रचना, म्हणजे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन', लाँग प्ले तबकडीच्या पहिल्या बाजूला चढ्या सुरात गेल्या आणि तीसेक वर्षं तशाच विकल्या गेल्या. एप्रिलच्या 'ऑल ब्लूज' आणि 'फ्लेमेन्को स्केचेस' या दोघींना ही बाधा नाही.

१९९२ च्या सोनेरी सीडीसाठी राखीव टेप काढली गेली आणि चूक पहिल्यांदा दुरुस्त झाली. १९९७ मध्ये अभियंता मार्क वाइल्डर यांनी तीन ट्रॅकवरून नवं मिक्स केलं, तेही दुरुस्त वेगात. त्यानंतरच्या कोलंबिया-लेगसीच्या स्टिरिओ आवृत्त्या साधारणपणे याच वाटेने आलेल्या आहेत.

तेव्हा खरेदीच्या पानावर पुढच्या चार गोष्टी शोधा.

१. लेबल. कोलंबिया, लेगसी किंवा सोनी म्युझिक ही नावं हवीत. १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं युरोपात हक्कमुक्त आहेत, म्हणून भलत्याच लेबलांच्या स्वस्त प्रती सगळीकडे दिसतात. त्यांच्यामागे मूळ टेप असण्याची शक्यता कमी; एखादी जुनी सीडी किंवा तबकडी असण्याची जास्त. पानावर '२४ बिट' लिहायला कोणाचीच हरकत नसते.

२. स्टिरिओ की मोनो. १९५९ मध्ये दोन्ही निघाल्या, स्टिरिओ सीएस ८१६३ आणि मोनो सीएल १३५५. ही दोन वेगळी मिक्स आहेत. मोनो वाईट नाही, पण 'स्टिरिओ का नाही' म्हणून नंतर चिडू नका.

३. दोन वाहिन्या की सराउंड. एसएसीडीवर (सीडीसारखी दिसणारी हाय-रेझ तबकडी) ५.१ म्हणजे सराउंड मिक्सही आलेलं आहे. स्टिरिओ साखळीवर ते पाच वाहिन्यांतून दोनांत दाबून वाजवलं तर तोल बिघडतो.

४. किती रचना. मूळ पाच. सहावा 'फ्लेमेन्को स्केचेस'चा पर्यायी टेक (त्याच रचनेचं दुसरं वादन) असेल तर आवृत्ती १९९७ किंवा त्यानंतरची असण्याची शक्यता मोठी. पन्नास रुपयांच्या फरकासाठी ही रचना सोडू नये, असं माझं मत.

> सावधान: 'रीमास्टर्ड' या एका शब्दावरून काहीच ठरत नाही. कोणी, कशावरून आणि कधी केलं, हे कळलं तरच त्याला अर्थ.

तपासणी: रचनांची लांबी बघा. दुरुस्त वेगात 'सो व्हॉट' ९:२२, 'ब्लू इन ग्रीन' ५:३७ च्या आसपास असतात. चढ्या आवृत्तीत 'ब्लू इन ग्रीन' दहाएक सेकंदांनी आखूड भरते. शेवटची शांतता कमीजास्त असू शकते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.

## टप्पा २: तानपुऱ्यावर पट्टी तपासा

ही तपासणी इतकी सोपी आहे की लोक ती करतच नाहीत. खरेदीआधी दुकानातल्या नमुन्यावर किंवा स्ट्रीमिंगवरही जमते.

१. तानपुरा ॲपमध्ये पांढरी दोन लावा. सूक्ष्म ट्यूनिंग शून्यावर, ए बरोबर ४४० हर्ट्झ.

२. 'सो व्हॉट' सुरू करा. सुरुवातीचा पियानो आणि बासचा संथ, ताल न धरलेला भाग जाऊ द्या. पॉल चेंबर्सच्या बासने मुख्य धून धरली की ऐका. रचनेचा आधार डी, म्हणजे आपली पांढरी दोनच.

३. षड्ज बासशी मिळाला तर आवृत्ती दुरुस्त वेगातली. मिळाला नाही, आणि काळी दोन लावूनही नाही मिळाला, म्हणजे सूर दोन्हींच्या मध्ये लोंबकळतोय, तर ती जुन्या वेगातली.

४. खात्रीसाठी सूक्ष्म ट्यूनिंग हळूहळू वर न्या. पाच-दहा सेंटांचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक पडला तर सोडून द्या. पियानो प्रत्येक ठिकाणी काटेकोर ४४० ला नसतो. चाळीस-पन्नास सेंट वर न्यावं लागलं, तर शंका उरत नाही.

मधला भाग टाळा. तिथे धून अर्ध्या सुराने वर ई फ्लॅटला जाते आणि परत येते. त्या आठ बारवर (प्रत्येक बार चार मात्रांचा) तानपुरा धरला तर योग्य आवृत्तीही तुम्ही चूक ठरवाल. तुलनेला 'ऑल ब्लूज' घ्या. तिचा आधार जी, पांढरी पाच. एप्रिलमधली असल्याने ती सगळ्या आवृत्त्यांत नीट असते. तिचा सूर मिळतोय आणि 'सो व्हॉट'चा मिळत नाहीये, असं दिसलं की दोष ॲपचा नाही हे नक्की.

सॅक्सोफोन किंवा पेटी घेऊन या अल्बमसोबत वाजवणाऱ्यांनी तर हा टप्पा गाळूच नये. जुन्या वेगातल्या रचनेशी जुळवायला वाद्य चढवत बसण्यात अर्थ नाही.

## टप्पा ३: फॉरमॅट निवडा

आवृत्ती ठरली की फॉरमॅटचा निर्णय लवकर उरकतो.

फ्लॅक २४/९६ किंवा २४/१९२. सगळ्यात सोयीचा. संगणक, फोन, डॅक, सगळे ओळखतात. १९५९ च्या टेपवरच्या सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर १६ बिटांच्या ९६ डेसिबलांतही आरामात मावतं. २४ बिटांचा उपयोग मुख्यतः स्टुडिओत काम करताना होतो. दोन्ही दरांच्या किमतीत मोठी तफावत असेल तर २४/९६ घ्या. उरलेल्या पैशांचा हेडफोनला जास्त उपयोग होईल.

डीएसडी किंवा एसएसीडी. डीएसडी ही एसएसीडीवर वापरलेली एका बिटाची पद्धत. डीएसडी६४ चा दर २.८२२४ मेगाहर्ट्झ. डॅक डीएसडी घेतो का ते आधी बघा. एसएसीडीचा हाय-रेझ थर संगणकाच्या साध्या ड्राइव्हमध्ये वाचला जात नाही. संकरित (दोन्ही थर असलेली) तबकडी सीडी प्लेअरमध्ये वाजते, पण सीडीच्या थरातून. सोनीच्या सुरुवातीच्या एसएसीडी एकाच थराच्या होत्या. त्या सीडी प्लेअरमध्ये वाजतच नाहीत. जुन्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून उचलण्याआधी हे विचारा.

स्ट्रीमिंग. फाइल आपली होत नाही आणि आवृत्ती न सांगता बदलू शकते. पण पट्टी आणि मिक्स आवडतंय का हे बघायला उत्तम. ॲपल म्युझिकमध्ये सेटिंग्जमधल्या ऑडिओ क्वालिटीत जाऊन हाय-रेझ लॉसलेस स्वतः चालू करावं लागतं. डॉल्बी ॲटमॉस (सराउंडसारखा पर्याय) बंद ठेवा, नाहीतर वेगळंच मिक्स समोर येऊ शकतं.

## टप्पा ४: विकत घेताना

हाय-रेझ फाइल विकणारी बरीच दुकानं देशनिहाय मर्यादा घालतात. कार्टपर्यंत सगळं सुरळीत जातं आणि पैसे भरताना नकार येतो. आधी दुकानाची देशांची यादी बघा. भारतीय बँकेच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सहसा बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते तेवढ्यापुरते चालू करा, मर्यादा घाला, खरेदी झाली की परत बंद करा.

डाउनलोड करताना दुकान फॉरमॅट विचारतं. एकदा निवडल्यावर बदलू देतं का, हे वाचून मगच बटण दाबा. पावती आणि आवृत्तीचं वर्णन असलेलं पान पीडीएफ करून ठेवा. फाइल खोटी निघाली तर तुमच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

## टप्पा ५: फाइल उघडून बघा

ऐकण्याआधी. एकदा आवडलं की माणूस तपासत नाही.

१. मीडियाइन्फोत उघडा. सॅम्पलिंग दर, बिट खोली, वाहिन्या. २४/९६ म्हणून घेतलेल्या फ्लॅकचा आकार सीडी दर्जाच्या फ्लॅकच्या जवळपास भरत असेल, तर १६ बिटांना शून्यं जोडून २४ केल्याचा संशय घ्या. टेपच्या खऱ्या डेटात खालचे बिट खरखरीने भरलेले असतात आणि खरखर फारशी दाबली जात नाही.

२. फ्लॅकची अखंडता तपासा. फ्लॅक फाइलच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा असतो. फूबारमध्ये फाइल व्हेरिफाय केली की डाउनलोड अर्धवट किंवा बिघडलेलं असेल तर कळतं. मध्येच 'टक्' आवाज आला तर टेपला दोष देण्याआधी हे करा.

३. स्पेकमध्ये वर्णपट बघा. इथे घाई नको. २२ किलोहर्ट्झच्या जरा अलीकडे सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ आणि वर सगळ्या रचनेभर काळोख दिसला, तर ती फाइल बहुधा सीडीवरून फुगवलेली आहे. टेपवरून आलेल्या फाइलमध्ये खरखरीचा पातळ पदर हळूहळू विरत वर जातो. आणि २५-३० किलोहर्ट्झनंतर पदर उलट दाट होत गेला तर मूळ डीएसडी असावं. डीएसडीतला गोंगाट मुद्दाम वरच्या पट्टीत ढकललेला असतो. त्याला संगीत समजू नका.

इथली नेहमीची चूक उलट दिशेचीही आहे. वरती फार काही दिसलं नाही की लोक फाइल खोटी ठरवतात. या अल्बममध्ये बास, पियानो, ब्रश, सॅक्सोफोन यांचा सगळा ऐवज खालीच आहे. हार्मन म्यूट (मुखात बसवायचं धातूचं बूच) लावलेला ट्रम्पेट २० किलोहर्ट्झच्या वर ऊर्जा टाकतो हे मोजलेलं आहे, म्हणून बघायचंच असेल तर 'ब्लू इन ग्रीन' किंवा 'फ्लेमेन्को स्केचेस' उघडा. 'सो व्हॉट'मध्ये माइल्स म्यूटशिवाय वाजवतो.

४. ऑडॅसिटीत तरंगाकृती बघा. शिखरं सपाट छाटलेली दिसली किंवा 'सो व्हॉट'चा हळुवार आरंभ आणि भर मैफलीतला भाग सारख्याच उंचीचे दिसले, तर आवाज फुगवलेला आहे. अशी आवृत्ती कितीही बिटांची असो, परत करा.

> तपासणी: 'सो व्हॉट'च्या सुरुवातीच्या शांत भागात टेपची हलकी सरसर ऐकू यायला हवी. ती अजिबात नसेल तर कोणीतरी आवाज 'स्वच्छ' केलाय, आणि सरसरीसोबत झांजेची शेपूटही पुसली गेली असणार.

## टप्पा ६: वाजवण्याची साखळी

फाइल खरी निघाली तरी ती वाटेत बदलते. जिथे बदलते त्या जागा ठरलेल्या आहेत.

विंडोज. नेहमीच्या पद्धतीत विंडोज सगळे आवाज एकाच दरावर आणतं. फूबारच्या आउटपुट यादीत डॅकच्या नावापुढे 'एक्सक्लुझिव्ह' असलेला पर्याय निवडा. ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद.

मॅक. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन डॅकचा दर फाइलच्या दराशी जुळवा, किंवा दर आपोआप बदलणारा प्लेअर वापरा.

अँड्रॉइड. बहुतेक फोन सगळं ४८ किलोहर्ट्झवर आणतात. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं स्वतःचा ड्रायव्हर वापरणारं ॲप आणि बाहेरचा डॅक असेल तरच पूर्ण दर बाहेर पडतो.

आयफोन. ॲपलचा छोटा हेडफोन ॲडॉप्टर २४/४८ वर थांबतो. त्यावरून १९२ ऐकतोय असं वाटत असेल तर वाटू द्या, पण पैज लावू नका.

ब्लूटूथ. एसबीसी, एएसी, एलडॅक या आवाज दाबून पाठवायच्या पद्धती सगळ्याच डेटा गाळतात. एलडॅकची कमाल ९९० किलोबिट प्रति सेकंद. साध्या सीडीला १,४११ लागतात.

तपासणी: बऱ्याच डॅकवर दर दाखवणारा दिवा किंवा पडदा असतो. १९२ ची फाइल लावून तो १९२ दाखवतो का बघा, मग सीडीची फाइल लावा, ४४.१ वर उतरला पाहिजे. दोन्ही वेळा ४८ दिसलं तर मध्ये कोणीतरी ढवळाढवळ करतंय.

आता डावी-उजवी बाजू. 'सो व्हॉट'मध्ये माइल्सनंतर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा सोलो येतो, तो डावीकडून. मग दुसरा सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली, उजवीकडून. पियानो डावीकडे, जिमी कॉबचे ड्रम उजवीकडे. उलटं ऐकू आलं तर वायरी अदलाबदल झाल्यात. एक वायर सैल असेल तर एखादा सॅक्सोफोन जवळजवळ गायबच होतो. असं झालं की काही जण मिक्सिंगच्या नावाने बोटं मोडतात आणि दोष मागच्या जॅकमध्ये असतो.

## टप्पा ७: तुलना

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक ते एकत्र कालवतात. 'ही आवृत्ती त्या आवृत्तीपेक्षा बरी आहे का?' हा एक. '२४/१९२ हे १६/४४.१ (सीडीचा दर्जा) पेक्षा वेगळं ऐकू येतं का?' हा दुसरा. जुनी सीडी आणि नवी हाय-रेझ फाइल समोरासमोर ठेवली तर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. जुन्या वेगातली 'ब्लू इन ग्रीन' ऐकून लगेच नवी लावली की नवी जास्त निवांत, जास्त खोल वाटते. वाटणारच, ती खरोखर हळू आणि खालच्या सुरात आहे. त्याचं श्रेय बिटांना देऊ नका.

आवृत्त्यांची तुलना करताना फक्त आवाजाची पातळी जुळवा. अर्धा डेसिबल जास्त असलेली बाजूही कानाला 'स्पष्ट' वाटते. फूबारमध्ये रीप्लेगेन (आवाजाची पातळी मोजून जुळवणारी सोय) लावा, फरक ०.२ डेसिबलच्या आत आणा. 'सो व्हॉट'मध्ये दीडेक मिनिटाला, माइल्सचा सोलो सुरू होताना कॉबची झांज वाजते. ती किती वेळ विरत राहते, हे ऐकायला याहून चांगली जागा नाही.

रिझोल्यूशनची तुलना अशी करा:

१. हाय-रेझ फाइलचीच १६/४४.१ प्रत बनवा, डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेला अगदी हलका गोंगाट) लावून. दुसरी सीडी वापरायची नाही.

२. ती प्रत परत २४/१९२ मध्ये चढवा. हरवलेलं काही परत येत नाही, पण दोन्ही फाइल एकाच दराच्या होतात. नाहीतर दर बदलताना डॅक 'टिक' करतो आणि कान त्यावरून ओळखतात.

३. फूबारला एबीएक्स कम्पॅरेटर जोडा. तो नाव न सांगता दोनपैकी एक फाइल वाजवतो आणि तुम्ही ती कोणती ते ओळखायचं. १६ वेळा ऐका, निकाल शेवटपर्यंत झाकलेला ठेवा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. आठ-नऊ आले तर तो छापा-काटा आहे.

४. थकल्यावर थांबा. दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा. कालचे चांगले निकाल आजच्यात मिसळू नका.

बहुतेकांना इथे फरक ओळखता येत नाही. तरी चांगली आवृत्ती घेतल्याचे पैसे वाया गेले असं होत नाही, कारण दुरुस्त वेग आणि न फुगवलेलं मिक्स हे दोन्ही १६ बिटांतही तसेच राहतात. फक्त पुढचा अल्बम घेताना जास्त पैसे कशासाठी मोजायचे हे कळलेलं असतं.

## टप्पा ८: जपून ठेवणं

फोल्डरच्या नावात आवृत्ती लिहा: लेबल, वर्ष, स्टिरिओ की मोनो, दर, आणि 'पट्टी तपासली'. नुसतं 'काइंड ऑफ ब्लू हायरेझ' लिहिलेले तीन फोल्डर साठले की कोणता कुठला ते पुन्हा तानपुरा लावूनच कळतं. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. फोनसाठी हलकी प्रत हवी असेल तर ती वेगळ्या फोल्डरमध्ये बनवा, मूळ फाइलवर रूपांतर चालवू नका. रीप्लेगेन लावताना फक्त टॅग लिहिले जातायत, आवाजाचा डेटा बदलत नाही, हे प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.